सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी भाषा आणि साहित्य शिकवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: सहावी ते आठवीचे वर्ग नुकतेच हातात आलेत, वर्गात काही मुलं इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आपणहून वाचतात तर काहींना सलग एक वाक्य वाचता येत नाही, धडा समजावून सांगितला की सगळे माना डोलावतात पण पेपरात पाठ केलेलंच उत्तर उतरवतात, आणि ग्रामर, धडे, कविता, निबंध हे सगळं वेगवेगळं करता करता वर्ष संपतं. मग भाषा आणि साहित्य दोन्हीची कौशल्यं शिकवायची कशी?

मी याच वयाच्या मुलांना बरीच वर्षं शिकवतेय, हल्ली नवीन शिक्षकांच्या वर्गातही मागच्या बाकावर बसते, त्यामुळे जरा लांबणार आहे, चालवून घ्या.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. समजावून सांगणं कमी करा आणि मुलांना मजकुराकडे परत पाठवणं वाढवा. "समजलं का?" या प्रश्नाला मुलं नेहमी होच म्हणतात. त्याऐवजी वर्षभर एकच प्रश्न लावून धरायचा: "हे तुला कुठून कळलं? ओळ दाखव." वाचन, शब्द, ग्रामर, कविता, लेखन सगळं या प्रश्नाला बांधता येतं आणि वेगवेगळ्या विषयांसारखं पाच ठिकाणी धावावं लागत नाही. कसं ते सांगते.

पण त्याआधी एक काम आहे जे बहुतेक जण टाळतात, आणि टाळलं तर पुढचं सगळं वाया जातं. कोणतं मूल कुठे अडलंय ते एकेकट्याला ऐकून शोधा. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं होतं, की वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही चांगली असू दे, उत्तर शून्यच येतं. आता हे वर्गात तपासायचं कसं, तर साधारण दीडशे शब्दांचा एक सोपा उतारा घ्या, मुलाला बाजूला बसवून तो मोठ्याने वाचायला सांगा आणि दोन-तीन प्रश्न विचारा. मग तेवढाच अवघड दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि त्यावर प्रश्न विचारा. ऐकून समजतंय पण वाचून समजत नाही असं असेल तर त्या मुलाचं शब्द उलगडण्याचं काम कच्चं राहिलंय. फाडफाड वाचतोय पण वाचून झाल्यावर काहीच सांगता येत नाही असं असेल तर शब्दसंग्रह, वाक्यरचना किंवा विषयाची माहिती कमी पडतेय. ही दोन मुलं पेपरात सारखेच मार्क पाडतात पण त्यांना लागणारी मदत अगदी वेगळी असते, आणि दोघांनाही "जास्त वाच" एवढंच सांगितलं जातं. एका आठवड्यात संपूर्ण वर्ग होत नाही, मधल्या सुट्टीत, ऑफ पिरियडला, बाकीचे काही लिहीत असताना असं करत करत महिना लागला तरी चालेल.

शब्द उलगडता न येणाऱ्या मुलाला बारा-तेराव्या वर्षी एबीसीडीची चित्रांची पुस्तकं देऊ नका, कृपा करून. या वयात अपमान फार खोल जातो आणि मग ते मूल मस्ती करून किंवा गप्प राहून स्वतःला लपवायला शिकतं. त्याच्या वयाचा मजकूर घ्या, भाषा सोपी करा, आणि आवाजांचे पॅटर्न शिकवा. इंग्रजीत 26 अक्षरं आणि साधारण 44 आवाज आहेत, त्यामुळे आपल्या लिपीत वाढलेल्या मुलाला हा सगळा अन्याय वाटतो, लिहिलं एक आणि म्हणायचं भलतंच. या वयाच्या मुलांना यामागचं कारण सांगितलं तर फार आवडतं. नाइफ आणि नी या शब्दांच्या सुरुवातीचा के एके काळी खरंच उच्चारला जायचा, लाइट आणि नाइट मधल्या जीएचलाही आवाज होता. इंग्लंडमध्ये कॅक्स्टनने 1476 मध्ये छापखाना सुरू केला, हळूहळू स्पेलिंगं ठरत गेली, आणि नेमकं त्याच काही शतकांत उच्चार मात्र बदलत राहिले. म्हणजे स्पेलिंगमध्ये जुना उच्चार अडकून राहिलाय. शिवाय काही ठिकाणी स्पेलिंग अर्थाचं नातं सांभाळतं, साइन मधला जी ऐकू येत नाही पण सिग्नेचर आणि सिग्नल मध्ये येतो. हे कळलं की मूल स्पेलिंगकडे पाठ करायची गोष्ट म्हणून बघायचं सोडून शोधायची गोष्ट म्हणून बघायला लागतं. मिडल स्कूलमध्ये मला अक्षरांपेक्षा शब्दांचे तुकडे जास्त उपयोगी पडलेत: प्रेडिक्ट, डिक्टेशन, कॉन्ट्राडिक्ट यातला डिक्ट म्हणजे बोलणं, इन्स्पेक्ट आणि स्पेक्टेटर मधला स्पेक्ट म्हणजे बघणं. असा आठवड्याला एक तुकडा घेतला तरी वर्षअखेर विज्ञान आणि इतिहासाच्या पुस्तकातले लांबलचक शब्दसुद्धा मुलं घाबरून सोडून देत नाहीत.

दुसऱ्या प्रकारच्या मुलाची, म्हणजे फाडफाड वाचून काही न कळणाऱ्याची, गोष्ट थोडी वेगळी. इथे 1988 चा एक प्रयोग मी सगळ्या नव्या शिक्षकांना सांगते. रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार होती पण बेसबॉलचं ज्ञान कमी, काही वाचनात कच्ची पण खेळ पक्का माहीत. तर वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं हुशार पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा कितीतरी सरस ठरली. याचा अर्थ मुलाचं वाचन चांगलं की वाईट हे कशाबद्दल वाचतोय यावर खूप अवलंबून असतं. म्हणून धडा समुद्रप्रवासाचा असेल तर आधी दहा मिनिटं जहाजाचा नकाशा, दोन फोटो, वारा नसला की शिडाचं जहाज कसं अडकतं एवढं बोलून घ्या. आणि शक्य असेल तर एकाच विषयावरचे तीन-चार मजकूर लागोपाठ घ्या, एक गोष्ट, एक बातमीसारखा लेख, एक कविता. पहिल्यात शिकलेले शब्द आणि माहिती दुसऱ्यात कामाला येते आणि कच्च्या मुलाला पहिल्यांदाच वाटतं की अरे, हे मला माहितीये.

शब्दांबद्दल. हू आणि नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासात असं दिसलं की गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी चालतो. आता तुमच्या पाठ्यपुस्तकातला एखादा पॅराग्राफ घ्या आणि मधल्या पातळीच्या मुलाला अनोळखी शब्दांखाली रेघा मारायला सांगा. पन्नासात सात-आठ निघाले तर तो पॅराग्राफ त्याला एकट्याने वाचायला देण्यासारखाच नाहीये, तुमच्याबरोबर वाचायचा आहे, आणि यात मुलाचा काही दोष नाही. पण म्हणून प्रत्येक शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून देऊ नका, चाळीस शब्दार्थ वहीत उतरवून घेण्यात पिरियड जातो आणि एकही शब्द तोंडात येत नाही. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिऑन यांनी शब्दांचे तीन थर सांगितलेत ते निवडायला सोपे पडतात. खुर्ची, पळणे असे रोजचे शब्द पहिल्या थरात, ऑक्सिजन किंवा पार्लमेंटसारखे एकेका विषयाचे शब्द तिसऱ्या थरात, आणि मधल्या थरात रिलक्टंट, अज्युम, फ्रॅजाइल, अपरंट असे शब्द, जे गोष्टीत, निबंधात, विज्ञानात सगळीकडे भेटतात पण बोलण्यात फारसे येत नाहीत. मेहनत या मधल्या थरावर करा. आठवड्याला पाच-सहा शब्द, बास. बाकीच्यांचा अर्थ मराठीत पटकन सांगून पुढे जा, त्यात काही कमीपणा नाही.

आणि त्या पाच-सहा शब्दांशी खेळा. रिलक्टंट शब्द शिकवला तर "तू कोणत्या गोष्टीला रिलक्टंट असतोस?", "मांजर पाण्याला रिलक्टंट असतं का घाबरतं, फरक काय?", "गोष्टीतली मुलगी दार उघडायला रिलक्टंट होती असं म्हणता येईल का, कुठल्या ओळीवरून?" असे प्रश्न. बघा, परत ओळीकडे आलो. मग तीन दिवसांनी, दहा दिवसांनी, महिन्याने तेच शब्द न सांगता अचानक विचारायचे, वही बंद ठेवून. आठवायला जोर लावावा लागतो तेव्हाच शब्द पक्का होतो, नुसतं परत वाचून ते होत नाही.

आता मुख्य भाग, साहित्य. इथे मी एक छोटा उतारा देते. वर्गात तो इंग्रजीतच असतो, इथे मराठीत सांगते:

"बाबांनी फोन ठेवला. वाचून झालेला नसतानाही पेपरची घडी घातली. 'जेवून घ्या,' ते म्हणाले. दादाचे बूट अजून दाराशीच होते."

चार वाक्यं, आणि एकही अवघड शब्द नाही. नेहमीचा पिरियड असा जातो की शिक्षक वाचतात, मग सांगतात की बघा, काहीतरी वाईट बातमी आलीये, बाबा भावना लपवतायत, बूट हे इथे प्रतीक आहे, लिहून घ्या. झालं, मुलांनी करायचं काम शिक्षकानेच केलं. त्याऐवजी फक्त विचारा, काय झालं असेल? आणि थांबा. खरंच थांबा. मेरी बड रो यांनी शिक्षकांच्या वर्गातलं बोलणं मोजलं होतं तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागले की उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण फळ्यासमोर उभं राहून ते फार लांब वाटतात, त्यामुळे सुरुवातीला मनात मोजाच.

मुलं म्हणतात दादा गेला, दादा पळून गेला, दादा नापास झाला, आजी वारली. सगळं फळ्यावर लिहा, चूक-बरोबर काही म्हणू नका. मग विचारा, कुठल्या शब्दावरून? आजी वारली म्हणणाऱ्याला बुटांचं काय करायचं ते सुचत नाही, ते उत्तर आपोआप मागे पडतं. दादा पळून गेला म्हणणारा म्हणतो, बूट दाराशीच आहेत म्हणजे अनवाणी गेला. दुसरी मुलगी म्हणते, नाही, तो घरातच आहे, फोन त्याच्याबद्दलचा होता म्हणून बाबा त्याच्यासमोर बोलत नाहीयेत. आता दोघंही मजकुरावर उभे आहेत. मग मी "अजून" या शब्दावर खडूने आडवी रेघ मारते, इंग्रजीत तो स्टिल असतो, आणि विचारते की हा शब्द काढला तर काय बदललं? दोन क्षण शांतता असते आणि मग कुणीतरी म्हणतं की आता ते नुसते बूट राहिले. स्टिल असताना कुणीतरी वाट बघतंय, किंवा काहीतरी व्हायला हवं होतं ते झालेलं नाही. मग नसतानाही, म्हणजे ऑल्दो, तो काढून बघायचा. पेपरची घडी घातली, एवढंच उरलं तर बाबांच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

हे होतं तेव्हा ग्रामर आणि साहित्य एकाच जागी शिकवून झालेलं असतं. स्टिल, ऑल्दो, ऑलरेडी, इव्हन हे शब्द ग्रामरच्या पुस्तकात रिकाम्या जागा भरा म्हणून येतात आणि विसरले जातात, इथे त्यांच्यावर अख्खी गोष्ट उभी राहिलेली मुलांनी स्वतः बघितली. मग पुढच्या कामात सांगायचं की असाच चार वाक्यांचा उतारा लिहा ज्यात काय झालं ते सांगायचं नाही, पण एखाद्या वस्तूवरून कळलं पाहिजे, आणि स्टिल किंवा ऑल्दो वापरायचा. वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलालाही चार वाक्यं जमतात.

एक गोष्ट मात्र ठामपणे धरा. साहित्यात कोणतंही उत्तर चालतं असं मुलांना वाटू देऊ नका. लुईझ रोझेनब्लॅट यांनी 1938 पासून हे मांडलं की अर्थ वाचक आणि मजकूर यांच्यात घडतो, त्यामुळे दोन वाचकांचे अर्थ वेगळे असू शकतात, पण त्यांचं म्हणणं असंही होतं की काही अर्थ मजकुराला जास्त धरून असतात, काही कमी. मुलांना हे समजतं, या वयात न्याय-अन्यायाची, पुराव्याची भूक असतेच, ते घरी आणि मित्रांशी दिवसभर वादच घालत असतात. तोच वाद मजकुरावर घालायला लावायचा. "मला असं वाटतं" म्हणायची परवानगी आहे, पण त्याच्यापुढे ओळ हवी.

चर्चा जमत नसेल, म्हणजे चारच मुलं बोलतायत आणि बाकी वर्ग बघतोय, तर पॅलिन्क्सार आणि ब्राउन यांची 1984 ची पद्धत घ्या, ती त्यांनी सातवीच्या वाचनात मागे पडलेल्या मुलांवरच वापरली होती. छोट्या गटात परिच्छेद वाचायचा आणि चार कामं आळीपाळीने करायची: थोडक्यात सांगणं, प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं, पुढे काय येईल याचा अंदाज. आधी तुम्ही चारही करून दाखवायची, मग एकेक मुलांच्या हातात. यात प्रश्न काढण्यावर जास्त वेळ द्या, कारण मुलं सुरुवातीला फक्त "कोण" आणि "कुठे" विचारतात, "का" आणि "लेखकाने हे सांगितलंच का नाही" इथपर्यंत यायला कित्येक आठवडे जातात. आणि ही चार कामं कायमची कार्डं करून वर्षभर वाटत बसू नका, हात धरण्यापुरतीच ती आहेत, जमायला लागलं की सोडून द्यायची. मी असे वर्ग बघितलेत जिथे मुलं अंदाज बांधायचा म्हणून बांधतायत आणि गोष्ट कुणी वाचतच नाहीये.

चर्चा इंग्रजीतच व्हायला पाहिजे का, हा प्रश्न नेहमी येतो. विचार आधी स्वतःच्या भाषेत होऊ द्या. जोडीत दोन मिनिटं मराठीत बोला, मग तेच इंग्रजीत सांगायला फळ्यावर दोन-तीन सुरुवाती लिहून ठेवा, जसं "आय थिंक ही इज हायडिंग समथिंग बिकॉज द रायटर सेज..." किंवा "आय सी इट डिफरंटली..." असं. पहिल्यापासून इंग्रजीची सक्ती केली तर विचार छोटा होतो, मुलं तेवढंच बोलतात जेवढं इंग्रजीत येतं. पण उलट टोकही नको, शेवटी इंग्रजीत एक वाक्य प्रत्येकाच्या तोंडून आलंच पाहिजे, नाहीतर पिरियड छान होतो आणि इंग्रजी तिथेच राहतं.

कवितेचं थोडक्यात सांगते. अर्थ सांगण्याआधी तीनदा ऐकवा, एकदा तुम्ही, एकदा एखादं मूल, एकदा सगळे. अलंकार ओळखा हा प्रकार शेवटी, जमलं तर. "ही सिमिली आहे" हे वहीत लिहिण्यात काही नाही, ही तुलना इथे काय करते, दुसऱ्या कशाशी केली असती तर काय झालं असतं हे विचारा. माझी आवडती युक्ती म्हणजे कवितेतला एक शब्द झाकून ठेवायचा, मुलांनी तिथे आपापले शब्द सुचवायचे, का ते सांगायचं, आणि मग कवीचा शब्द उघडायचा. कधीकधी मुलांना स्वतःचाच शब्द जास्त आवडतो आणि त्यावर जी वादावादी होते त्यात कवितेची प्रत्येक ओळ पाच-सहा वेळा वाचून होते.

ग्रामर. ग्रॅहम आणि पेरिन यांनी 2007 मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावरचे अभ्यास एकत्र तपासले, त्यात वेगळं काढून शिकवलेल्या ग्रामरचा लेखन सुधारायला उपयोग दिसला नाही. पण वाक्यं जोडण्याच्या सरावाचा दिसला, सारांश लिहिण्याचा दिसला, आणि प्लॅन करणं, सुधारणं या गोष्टी थेट शिकवण्याचा तर खूपच दिसला. याचा अर्थ ग्रामर टाकून द्या असा नाही, परीक्षेत आहे तर करावंच लागेल, पण त्याची जागा बदला. तीन छोटी वाक्यं द्या: मुलगा दमला होता, पाऊस पडत होता, तो चालत घरी गेला. यातून इंग्रजीत एक वाक्य किती तऱ्हांनी होतं? ऑल्दोने सुरू केलं तर मुलगा चिवट वाटतो, बिकॉज टाकला तर कारण कोणतं ते ठरवावं लागतं, वाक्याच्या शेवटी पाऊस ठेवला तर पाऊस लक्षात राहतो. कर्ता, क्रियापद, क्लॉज हे शब्द अशा वेळी सांगितले की ते चिकटतात, कारण त्या क्षणी मुलाला त्यांची गरज असते. आपल्या मुलांना क्रियापद शेवटी ठेवायची सवय असते, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून मधे येतं, तिथे लांब वाक्यात मुलं हरवतात, हा सराव त्यावरही काम करतो.

आर्टिकल्स आणि तिसऱ्या पुरुषातला तो एस यांच्यावरून मुलांना फार छळू नका. नियम सगळ्यांना येतो आणि बोलताना-लिहिताना तो गळतो, कारण हे उशिराच पक्कं होतं, दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्यांचंही तसंच होतं. दाखवत राहा, पण त्यावरून निबंध लाल करू नका.

आता लेखन, जिथे पाठ केलेल्या उत्तरांचा प्रश्न खरा सुटतो. मुलं पाठ करतात कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि त्यांना ते माहीत असतं. म्हणून निदान महिन्यातून दोनदा असा प्रश्न द्या ज्याचं तयार उत्तर कुठे असूच शकत नाही: न बघितलेला उतारा, पुस्तक उघडं, आणि एकच प्रश्न. उत्तराचा सांगाडा साधा ठेवा. तुझं म्हणणं काय, ते ज्यावरून कळलं ती ओळ कोणती, आणि त्या ओळीतला कोणता शब्द हे कसं दाखवतो. तिसरा भाग सगळ्यात अवघड जातो, मुलं ओळ उतरवतात आणि थांबतात, जणू ओळ स्वतःच बोलेल. तिथे तुम्ही फळ्यावर, त्यांच्यासमोर, मोठ्याने विचार करत एक उत्तर लिहून दाखवा, खोडा, परत लिहा. तयार छापील नमुन्यापेक्षा हे बघणं जास्त कामाचं असतं, कारण त्यांना चांगलं उत्तर कसं दिसतं हे माहीत असतं पण ते बनतं कसं हे कुणी दाखवलेलं नसतं. हे लेखन वर्गातच आणि हातानेच होऊ द्या. घरी दिलेला निबंध आता मोबाइलमधलं एआय लिहून देतं, आणि मुलाचा पहिला ओबडधोबड ड्राफ्ट बघायला मिळाला नाही तर त्याला काय शिकवायचं हेच आपल्याला कळत नाही.

वह्या तपासण्याबद्दल एक अभ्यास आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले, एकाला फक्त मार्क, एकाला फक्त लेखी शेरा, एकाला दोन्ही. शेरेवाला गट सुधारला आणि त्याचा कामातला रसही टिकला. मार्क आणि शेरा दोन्ही मिळालेल्या गटाचं काय झालं, तर तो मार्कवाल्या गटासारखाच वागला. म्हणजे मार्क दिसले की शेरा कुणी वाचत नाही. शाळा मार्क मागणारच, तेव्हा एवढं करा की शेरा आधी द्या, मुलाला तो वापरून तोच पॅराग्राफ परत लिहू द्या, आणि मार्क त्यानंतर. प्रत्येक वही प्रत्येक वेळी पूर्ण तपासायची गरजही नाही. पंचवीस वह्या वाचल्या की तीन-चार चुका सगळीकडे सारख्या दिसतात, त्या फळ्यावर घ्या आणि प्रत्येकाला स्वतःच्या वहीत शोधायला लावा. शेरा लिहायचा तर एकच, पण असा की मुलाला उद्या काहीतरी करता येईल. "गुड" किंवा "इम्प्रूव्ह" लिहून मूल काहीच करू शकत नाही, "तू म्हणतोस ती रागावली होती, कुठला शब्द?" यावर करू शकतं.

स्वतःसाठी वाचन हा वेगळाच मोठा विषय आहे, इथे एवढंच, की आठवड्यातला थोडा वेळ मुलांनी स्वतः निवडलेलं पुस्तक वाचण्यासाठी राखा, त्यावर वर्कशीट नको, सारांश नको. कॉमिक्स चालतात, सोपी केलेली पुस्तकं चालतात, ऑडिओ ऐकत ऐकत वाचलेलं चालतं. पुस्तक अर्ध्यात सोडायचीही परवानगी हवी. आणि तुम्ही रोज पाच मिनिटं तरी मोठ्याने वाचून दाखवा, ही मुलं मोठी झाली म्हणून आपण ते बंद करतो आणि चांगल्या इंग्रजी वाक्याची लय कानावर पडण्याचा एक रस्ताच बंद होतो.

आठवडा कसा लावायचा, तर पाच पिरियड धरून मी असा लावते: पहिला पिरियड विषयाची माहिती, शब्द आणि मी मोठ्याने वाचणं. दुसरा आणि तिसरा त्याच मजकुरातल्या एका अर्ध्या पानावर, गटात, ओळ दाखव पद्धतीने. चौथा त्या अर्ध्या पानातून निघालेलं एखादं ग्रामर आणि वाक्यं जोडणं. पाचवा लेखन. धड्याचा बाकी भाग मुलं जोडीत वाचतात किंवा मी पटपट सांगते, प्रत्येक ओळ फोडून सांगायची नाही. सिलॅबस मागे पडेल ही भीती सुरुवातीला वाटते, पण प्रत्येक धड्याचे शब्दार्थ आणि प्रश्नोत्तरं उतरवून घेण्यात जे पिरियड जायचे ते वाचतात, त्यातून भरून निघतं. पालक किंवा मुख्याध्यापक भरलेल्या वह्या मागत असतील तर दोन महिन्यांपूर्वीचा पॅराग्राफ आणि आजचा पॅराग्राफ शेजारी शेजारी ठेवून दाखवा, मला आजवर त्याच्यापुढे फार काही समजावून सांगावं लागलेलं नाही.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या महिन्यात फक्त दोन गोष्टी: एकेका मुलाचं वाचन ऐकणं, आणि कोणतंही उत्तर आलं, अगदी बरोबर असलं तरी, "ओळ दाखव" म्हणणं. बरोबर उत्तरालाही विचारा हे मुद्दाम सांगतेय, कारण फक्त चुकलेल्यालाच विचारलं तर दोन दिवसांत मुलांना कळतं की बाईंनी ओळ मागितली म्हणजे आपण चुकलो, आणि मग ती परत गप्प बसतात.